थिरथिरी माहेरी राहिली

पाडवा होऊन गेला, कराडच्या पत्र्यांवर ऊन तापायला लागलं, तरी हेमलता शिंगटेंच्या बागेतली थिरथिरी जायचं नाव घेईना.

थिरथिरा म्हणजे चिमणीएवढा पक्षी. बसल्या जागी विटकरी शेपटी सारखी थरथरवत असतो, म्हणून हे नाव. नर काळाभोर, मादी मातकट तपकिरी. पुस्तकात मादीला निराळं नाव नाही, पण हेमलता तिला थिरथिरीच म्हणायची आणि कुणी चूक काढली तर ऐकून न ऐकल्यासारखं करायची. या पक्ष्यांची घरटी तिबेटाकडच्या उंच, उघड्या खडकांत. तिकडे बर्फ पडू लागलं की हिमालय ओलांडून खाली यायचं, थंडी इथल्या बागांमध्ये काढायची आणि होळीच्या आगेमागे परत फिरायचं, हा त्यांचा शिरस्ता. ही थिरथिरी गेली चार वर्षं न चुकता याच बागेत, याच कुंपणाच्या भिंतीवर येऊन बसत होती. डाव्या पंखात एकच पांढरं पीस असल्यामुळे ती तीच की दुसरी, ही भानगड उरली नव्हती.

हिवाळाभर हेमलताची सकाळ बागेतच उजाडायची. बुलबुलांना पपईची फोड, मुनियांना बाजरी, आणि थिरथिरीला अळ्या. या अळ्या ती गव्हाच्या कोंड्यात पाळायची आणि कोंड्याचा डबा फडताळात चहाच्या डब्याला चिकटून असायचा. तिचे यजमान विलासराव एसटीतून निवृत्त झालेले, बोलायला फटकळ. “एखाद्या पाहुण्याच्या कपात चुकून त्या डब्यातला चमचा पडला, तर सोयरीक तिथंच मोडायची,” असं ते म्हणायचे, आणि हेमलता झोपलेली असली तर गुपचूप अळ्या टाकूनही यायचे.

नवरात्रात येते, पाच महिने लाड करून घेते आणि होळीला जाते, म्हणून साऱ्या कॉलनीनं तिचं नाव माहेरवाशीण ठेवलं होतं. ती जायची तेव्हा हेमलताला दोन दिवस घर खायला उठायचं. म्हणून यंदा ती राहिली याचा सगळ्यात जास्त आनंद हेमलतालाच झाला. तिनं अळ्या दुप्पट केल्या, भिंतीजवळ पाण्याचं मातीचं पसरट भांडं ठेवलं आणि येईल त्याला सांगितलं, “रमली बाई आमच्याकडं.” इतरांच्या बागांतही काही थिरथिरे आणि वटवटे असले हिवाळी पक्षी मागे राहिले होते. कॉलनीचे अध्यक्ष शिरतोडे अण्णा हौशी माणूस. त्यांनी फाटकावर पाटीच लावली: ‘कोयनाकाठ कॉलनी, परदेशी पाहुण्यांचे कायमचे घर’. बिनतारी वीज पुरवणाऱ्या कंपनीनं थिरथिरीचा फोटो काढून नेला आणि जाहिरातीत छापला. पक्ष्यांनाही इथून जावंसं वाटत नाही, असं त्याखाली लिहिलं होतं.

ही बिनतारी वीज गेल्या दिवाळीत आली होती. मधल्या मैदानात एक मनोरा आणि घराघरांच्या भिंतींत तबकड्या बसल्या. सेकंदाला लाखो वेळा हेलकावणारं हलकं चुंबकी क्षेत्र त्यांच्यातून घरभर, अंगणभर पसरायचं, आणि पंखा असो की मिक्सर, ज्याला हवी त्यानं त्यातून वीज उचलायची. भिंतींतल्या वायरी लोकांनी उपटून भंगारात घातल्या. मालिका बघता बघता टीव्ही उचलून गच्चीवर नेता येतो, याचं लोकांना काय कौतुक.

शिंगटेंच्या घरी मात्र ही वीज कौतुकापुरती नव्हती. विलासरावांचं हृदय थकलं होतं आणि त्याच्या शेजारी बसवलेला लहान वाटीएवढा पंप अंगात रक्त ढकलत होता. पंपाची वायर पोटातून बाहेर येऊन कमरेच्या बॅटरीला जोडलेली असायची. त्या जागी दोनदा पू झाला, दोनदा दवाखाना झाला, दोन्ही वेळा डॉक्टर हेमलताला बाजूला घेऊन बोलले. बिनतारी वीज आली आणि ती वायर कायमची निघाली. छातीच्या कातडीखालची तबकडी हवेतूनच वीज घ्यायला लागली. संक्रांतीच्या पहाटे विलासरावांनी कित्येक महिन्यांनी अंगावर पाणी ओतून अंघोळ केली, आणि न्हाणीतून लवकर बाहेरच येईनात. हेमलता दाराबाहेर टॉवेल घेऊन उभी होती. पाण्याचा आवाज ऐकून तिला रडू आलं होतं.

चैत्र निम्मा झाला तशी थिरथिरी विचित्र वागायला लागली. दिवसभर ठीक असायची. सूर्य बुडाला की भिंतीवरून उठायची, वर चढायची, आंब्याभोवती गिरक्या घ्यायची, पुन्हा भिंतीवर. पुन्हा वर, पुन्हा गिरक्या. अंधार पडेपर्यंत तिचं हेच चाललेलं असायचं, आणि शेवटी ती चोच उघडी टाकून भिंतीवर बसायची. शेपटी थरथरायची, पण ती थरथर नेहमीची नव्हती.

एके संध्याकाळी ते बघताना हेमलताला आपली आई आठवली. लग्नाच्या पहिल्या वर्षी हेमलता माहेरी गेली आणि राहिलीच. विलासराव न्यायला येतील म्हणून ती थांबलेली, आणि ती आपली आपण येईल म्हणून ते इकडे ताठून बसलेले. भाऊ खूश, शेजारणी खूश, रोज काहीतरी गोडधोड. एकट्या आईनं एका दुपारी हातातली पळी खाली ठेवली आणि विचारलं, “हेमे, काय झालंय?” लेक येते तेव्हा आनंद करायचा असतो आणि ती परत जात नाही तेव्हा विचारायचं असतं, हे त्या अडाणी बाईला कुणी शिकवलं नव्हतं. हेमलतानं भिंतीवरच्या थिरथिरीकडे पाहिलं. आपण महिनाभर हिला नुसतं खाऊ घालत राहिलो, विचारलं काहीच नाही.

तिनं लेकीला फोन लावला. ऋतुजा पुण्यात पक्ष्यांच्या दिशाज्ञानावर संशोधन करत होती. आईच्या बागेकडे ती आजवर लाडानंच बघायची, पण संध्याकाळच्या गिरक्यांचं ऐकल्यावर तिनं किती दिवस आणि किती वाजता, एवढंच विचारलं. “येते,” एवढं म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी हजर झाली. येताना तिनं एक चष्मा आणला होता. दिसायला वेल्डिंगवाल्याच्या चष्म्यासारखा, पण दांड्यांमध्ये बारीक बारीक यंत्रं भरलेली.

“पक्ष्यांच्या डोळ्यांत एक प्रथिन असतं, क्रिप्टोक्रोम नावाचं,” बागेतल्या कट्ट्यावर बसून ती सांगू लागली. “त्याच्यावर निळा उजेड पडला की इलेक्ट्रॉनची एक जोडी तयार होते. दोघं जागच्या जागी गरगरणारे, पण एकमेकांशी बांधलेले. पृथ्वीचं चुंबकत्व किती क्षीण असतं बघ, साधी टाचणी हलत नाही त्यानं. पण या जोडीची चाल त्यानंसुद्धा बदलते. म्हणून पक्षी जिकडं बघेल त्याप्रमाणे त्याच्या डोळ्यांत उजेडावर कमी-जास्त सावली पडते. आपल्याला उत्तर दिशा शोधावी लागते, आई. तिला ती दिसते.”

“आणि हा चष्मा?”

“हा इथलं चुंबकत्व मोजतो आणि तिला जसं दिसत असेल तसं रंगवून दाखवतो. अगदी असंच दिसतं, असं छातीठोकपणे नाही सांगता येणार. पण याच्याजवळपास.”

सूर्य बुडाल्यावर हेमलतानं चष्मा लावला. आंबा दिसत होता, भिंत दिसत होती, पण सगळ्यावर राखाडी चुरा उडत होता. इकडून तिकडे, खालून वर, क्षणभरही न थांबता. मान वळवावी तिकडे तोच चुरा. त्या चुऱ्यात थिरथिरी वर चढत होती आणि गरगरून खाली येत होती. “चुंबकत्व हे असं दिसतं व्हय?” हेमलतानं विचारलं. ऋतुजानं तिच्याकडून चष्मा घेतला, स्वतः लावून पाहिला आणि तिचा चेहराच उतरला.

“गाडी काढते,” ती म्हणाली. “नदीपलीकडं जाऊ.”

पूल ओलांडून उसातल्या कच्च्या वाटेला लागून त्या कोयनेच्या काठाशी उतरल्या. पश्चिमेला अजून लाली होती. हेमलतानं पुन्हा चष्मा लावला आणि तिचा हात आपोआप ऋतुजाच्या दंडावर गेला.

उत्तरेकडून एक फिकट, दुधाळ पट्टा आभाळात चढत गेला होता. मध्ये उजळ, कडांना निळसर होत होत अंधारात मुरलेला. तो चकाकत नव्हता, हलत नव्हता, नुसता होता. हेमलता जागच्या जागी फिरली. ऊस, वीटभट्टी, नदी, पुलावरचे दिवे सगळं तिच्याभोवती फिरलं, तो पट्टा मात्र आपल्या जागी राहिला. तो डोंगरांच्या मागून येत होता आणि डोक्यावरून दक्षिणेला उतरत होता, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत कुठंही तुटलेला नव्हता. सगळी पृथ्वी एवढी मोठी, आणि तिच्यावर कुठंही उभं राहिलं तरी घरची बाजू अशी उजळून दिसावी, ही सोय कुणासाठी तर मूठभर वजनही नसलेल्या पाखरांसाठी. हेमलता वाळूतच बसली. याच आभाळाखाली तिनं आजवर पापड वाळत घातले होते आणि तिला काही म्हणजे काही माहीत नव्हतं.

“आपल्याकडं तो चुरा कसला मग?” तिनं विचारलं.

“आपली वीज. तिचे हेलकावे नेमके त्या इलेक्ट्रॉनच्या ठेक्यात बसतात. दोघी फुगडी घालतायत आणि कुणीतरी मधून सारखे धक्के देतंय, असं समज. थिरथिरीला निघायचंय, आई. रोज निघते. वर गेली की तिला वाटच दिसत नाही.”

“धरून इकडं आणून सोडू तिला.”

ऋतुजानं तेही करून पाहिलं. दुसऱ्या दिवशी पहाटे जाळी लावून तिला धरलं, नदीपलीकडे सोडलं, आणि त्या घरी येऊन चहा टाकतायत तोवर थिरथिरी भिंतीवर हजर. चार हिवाळे ज्या बागेत काढले तीच तिची निघायची जागा. वैशाखातल्या उन्हात बर्फाकडचा पक्षी टिकणार नाही, हे ऋतुजानं सांगितलं नाही आणि हेमलतानं विचारलं नाही.

उपाय एकच होता. सूर्य बुडाल्यापासून अंधार दाटेपर्यंत, ती जाईल त्या दिवसापर्यंत, मनोरा बंद ठेवायचा. ऋतुजा उंबऱ्याशी थांबली आणि हलकेच म्हणाली, “बाबांना नको सांगू.” मनोरा बंद झाला की विलासरावांना पट्टा बांधावा लागणार होता. बॅटरीचा जड पट्टा, त्याची तबकडी छातीवर करकचून आवळायची, ती तापणार, कातडी भाजणार. सरकली तर पंपाच्या पोटातली वीज थोडाच वेळ पुरणार. हेमलतानं मान डोलावली. एका पाखरासाठी नवऱ्याचा जीव टांगणीला लावण्याइतकी ती काही वेडी नव्हती. दुपारी तिनं भिंतीवर अळ्या ठेवल्या, थिरथिरीनं तिच्या बोटांजवळ येऊन त्या खाल्ल्या, आणि हेमलताला तिच्या डोळ्याला डोळा देववेना.

ती आत आली तर विलासराव आरामखुर्चीत बसले होते आणि डोळ्यांवर चष्मा होता. ते समोर बघत नव्हते. खाली, स्वतःच्या छातीकडे बघत होते.

“हेमा, हे काय गं?” ते म्हणाले. “घरभर राख उडतीय, आणि सगळी माझ्याच छातीपाशी येऊन गोळा होतीय.”

मग सांगावंच लागलं. विलासरावांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि चष्मा काढून मांडीवर ठेवला.

“पट्टा कुठाय?”

“अहो, काहीतरीच काय. तुमच्यापेक्षा मोठी आहे का ती?”

“तसं कोण म्हणतंय? पट्टा बांधला म्हणून मी मरत नाही. नुसता चरफडीन. ती मात्र मरंल.” त्यांनी चष्म्याची दांडी मिटली. “तुला न्यायला आलो नव्हतो मी तेव्हा. तुझ्या आईनं फोनवर जे झापलंय मला, अजून कान गरम होतात. आता ही माझ्याच पायात अडकलीय म्हटल्यावर मी खुर्चीत बसून राहू व्हय?”

डॉक्टरांनी आढेवेढे घेत होकार दिला: रोज थोडाच वेळ, आणि कुणीतरी सतत शेजारी हवं. उरला कॉलनीचा प्रश्न. शिरतोडे अण्णा फाटकाशीच भेटले, पाटीला नवा रंग देत होते.

“वहिनी, रोज संध्याकाळी अंधार म्हणजे लोक मला उभा जाळतील. ऐन मालिकांची वेळ ती. आणि कंपनी काय म्हणंल? पाखरं राहिली ह्यात वंगाळ काय झालं? सुखात हायत म्हणून राहिली की.”

हेमलतानं पाटीकडे पाहिलं. “अण्णा, लेक दिवाळीला आली आणि उन्हाळा आला तरी गेली नाही, तर तुम्ही दारावर पाटी लावाल का?”

अण्णांचा ब्रश डब्यात तसाच राहिला. त्यांना दोन मुली होत्या, दोघी आपापल्या घरी. संध्याकाळी त्यांनी चष्मा मागून घेतला आणि पुलापलीकडे जाऊन आले. मग ते एकेका घरातल्या माणसाला गाडीवर बसवून नदीवर न्यायला लागले. जाताना कुरकुरणारी माणसं येताना खालच्या आवाजात बोलत होती. अण्णांनी कंपनीला काय सांगितलं ते कुणालाच कळलं नाही, पण मनोऱ्याच्या खोलीची किल्ली त्यांच्या खिशात आली.

पहिल्या संध्याकाळी मनोरा बंद झाला. कॉलनीभर पंख्यांची घरघर थांबली, आणि विलासरावांच्या छातीतल्या पंपाची बारीक गुणगुण हेमलताला प्रथमच बागेत बसून ऐकू आली. थिरथिरी उठली, गिरक्या घेतल्या, परत बसली. “इतके दिवस चुकलेला डोळा आहे,” ऋतुजा म्हणाली. “मावळतीच्या उजेडाशी मेळ घालून बघत असेल. वेळ लागेल.” दुसऱ्या संध्याकाळी ती बरीच उंच गेली, दिसेनाशी झाली, आणि हेमलता डोळे पुसतेय तोच पुन्हा भिंतीवर. पट्टा सोडला तेव्हा विलासरावांच्या छातीवर तबकडीचा लालभडक गोल उठला होता.

“उद्या नाही,” खोबरेल लावत हेमलता म्हणाली. “झालं तेवढं पुरे.”

“उद्या आहे,” विलासराव म्हणाले.

तिसऱ्या संध्याकाळी कुणी न बोलावता लोक गच्च्यांवर आले. बायका भाजी निवडायला घेऊन आल्या होत्या, पण निवडत कुणीच नव्हतं. हेमलता एका हातानं पट्ट्यावरची तबकडी दाबून धरून विलासरावांच्या शेजारी बसली होती. चष्मा तिच्या डोळ्यांवर होता. राख निवली होती. आंब्याच्या शेंड्यामागून तो दुधाळ पट्टा वर आला होता, नदीवर होता तसाच, कुठंही न तुटता, त्यांच्या बागेवरून, मनोऱ्यावरून, फाटकावरच्या पाटीवरून पलीकडे गेलेला.

थिरथिरी उठली. आंब्याभोवती एक गिरकी, दुसरी अर्धवट, आणि मध्येच ती थांबली. हवेत थांबता येत नाही, पण हेमलताला तसंच वाटलं. मग तिनं अंग वळवलं आणि ती सरळ निघाली. गोल नाही, वर-खाली नाही, एका रेषेत, त्या उजेडाच्या दिशेनं.

तेवढ्यात चिंचेतून दुसरं एक पाखरू उठलं. कदमांच्या परसातून तिसरं. मग कण्हेरीतून, पाण्याच्या टाकीमागून, उसाच्या कडेनं, जिथं कुणी कधी काही पाहिलं नव्हतं तिथूनही ती उठायला लागली. प्रत्येक घराला आपल्याकडे एकच राहिलंय असं वाटत होतं. कुणाच्या ध्यानीमनी नसताना पाचोळ्यात, वळचणीला अशी शेकडो पाखरं जीव मुठीत धरून बसली होती. आता मावळतीच्या उरलेल्या उजेडावर त्यांचे ठिपके उमटत होते आणि सगळे एकाच बाजूला चालले होते. पंखांचा आवाज आला नाही. अण्णा फाटकाशी डोक्यावरची टोपी हातात घेऊन उभे होते.

पट्ट्याची बॅटरी बारीक सुरात वाजायला लागली. “अण्णांना चालू करायला सांगते,” हेमलता उठू लागली. विलासरावांनी तिचा हात धरून ठेवला.

“थांब. अजून उठतायत.”

ती थांबली. बॅटरी वाजत राहिली, ऋतुजा दुसरी आणायला आत धावली, आणि ती बदलून होईपर्यंत चिंचेवरून शेवटची काही उडाली. अंधार दाटला. हेमलतानं चष्मा काढला, तर वर नेहमीचं काळं आभाळ होतं. तिला रडू येत होतं आणि ते लपवावंसं वाटत नव्हतं.

विलासरावांनी रिकाम्या भिंतीकडे पाहिलं. “जाताना येते तरी म्हणाली का गं?”

“तिला कुठली सवड,” हेमलता म्हणाली. “वाट दिसत होती तिला.”